सूज उतरली, पुढे काय?

सदर : फळा आणि डस्टर



यंदा संपादिकाबाईंनी आधीच बजावलं होतं, "सर, या वेळी काहीतरी हलकंफुलकं द्या. मागच्या वर्षी तुमचं प्रतिजैविकांचं पुराण वाचून लोकांच्या तोंडातली चकली तोंडातच राहिली." मी कबूलही केलं होतं. तोक्योत आम्ही सुरुवातीच्या काळात चकलीची भाजणी कशी जमवायचो, हा विषय मनात घोळत होता. पण फेब्रुवारीतल्या एका रात्रीनं विषय बदलला. भाजणी पुढच्या वर्षी.

आमच्याच इमारतीत पाचव्या मजल्यावर सांगलीकडचं एक तरुण कुटुंब राहतं. रात्री साडेअकराला त्या मुलाचा फोन आला. "सर, आईला आडवंच होता येत नाहीये. पाठ टेकली की धाप लागते. तुम्ही डॉक्टर आहात ना, जरा वर येता?" आता मी डॉक्टर आहे, पण सुईवाला नव्हे, प्रबंधवाला. औषधशास्त्र शिकवण्यात हयात गेली, पण कोणाच्या छातीला कधी नळी लावली नाही. हा खुलासा मी गेली चाळीस वर्षं करतो आहे आणि त्याचा काही उपयोग होत नाही. गेलो.

ताई पलंगाच्या कडेला पाय खाली सोडून, हात गुडघ्यांवर टेकून बसल्या होत्या. उशाशी तीन उशा रचलेल्या. बोलताना दर तीन शब्दांनी थांबत होत्या. नडगीवर अंगठ्यानं दाबून पाहिलं तर खळगा पडला आणि तसाच राहिला, मळलेल्या कणकेत बोट रुतावं तसा. "पंधरा दिवस झाले सूज आहे," सूनबाई म्हणाली. "आम्हाला वाटलं थंडीनं असेल. वजनही वाढलं होतं, म्हटलं इथलं अन्न मानवलं." मी म्हटलं, आधी ११९ लावा, बाकीचं नंतर बोलू.

रुग्णालयात दुभाषा म्हणून मी सोबत राहिलो. ऑक्सिजन लावला, छातीचा फोटो काढला, लॅसिक्सचं इंजेक्शन दिलं. पहाटेपर्यंत दोन लिटरच्या वर लघवी झाली आणि ताई दोन उशांवर टेकून झोपल्या. तरुण डॉक्टरीणबाईंनी आजाराचं नाव सांगितलं : शिनफुझेन. 'शिन' म्हणजे हृदय, 'फुझेन' म्हणजे अपुरं. मला हा शब्द आवडतो. आपल्याकडे 'हार्ट फेल' म्हटलं की घरात रडारड सुरू होते. इथे हृदय बंद पडलेलं नसतं, कामाला अपुरं पडत असतं.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई कागदांचा एक जाडजूड गठ्ठा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, आमच्याकडे एक 'चिकेन' सुरू आहे, तुम्ही त्यात बसू शकता. ताईंची आठ वर्षांची नात तिथेच होती. जपानी शाळेतली मुलगी, शब्द ऐकला तसा आजीला पोचवला : "आजी, तुला चिकेन देणार आहेत!" ताई माळकरी. त्या धाप विसरून उठून बसल्या. "सर, सांगा त्यांना, मी आयुष्यात अंड्याला हात लावलेला नाही." सगळं कळल्यावर डॉक्टरीणबाईही हसल्या.

मुलांनो, 'चिकेन' म्हणजे औषधाची चाचणी. त्यातलं पहिलं अक्षर बरं करण्याचं, दुसरं पडताळून पाहण्याचं. अंगात साठलेलं पाणी उतरवण्याच्या एका औषधाची ही चाचणी होती. नेहमीचे सगळे उपचार सगळ्यांना मिळणार. त्याशिवाय निम्म्या लोकांना नवी गोळी आणि निम्म्यांना दिसायला तशीच, पण औषध नसलेली गोळी. कोणाला कोणती, हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरणार आणि ते ना रुग्णाला कळणार, ना डॉक्टरला.

रुग्णालयानं इंग्रजी प्रत दिली, फोनवरून इंग्रजीचा दुभाषाही जोडून दिला. ताई निवृत्त शिक्षिका. चष्मा लावून त्यांनी दोन दिवस ती प्रत वाचली, अडेल तिथे मला विचारलं. मुलगा मात्र पहिल्याच दिवशी म्हणाला, "सर, आईवर प्रयोग नको." ताई म्हणाल्या, "अरे, सातवीच्या मुलांना मी जन्मभर प्रयोग करायला लावले. प्रयोग म्हणजे वाईट कधीपासून?"

तरीही मी त्या मुलाला हसलो नाही. त्याची भीती वाऱ्यावरची नव्हती. भारतात चाचण्यांमध्ये गरिबांना काही न सांगता सह्या-अंगठे घेतल्याच्या तक्रारी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या. २०१३ साली नियम कडक झाले आणि चाचणीमुळे इजा झाली तर भरपाई द्यावी लागेल असं ठरलं. जपानही धुतल्या तांदळासारखा नाही. १९९३ साली सोरिव्हुदिन नावाचं नागिणीवरचं औषध बाजारात आलं, कर्करोगाच्या एका औषधाशी त्याचं जमेना आणि थोड्याच दिवसांत पंधरा माणसं गेली. १९९७ मध्ये इथले चाचण्यांचे नियम नव्यानं झाले आणि लेखी संमती सक्तीची झाली. तो जाड गठ्ठा आहे तो अशा माणसांच्या जिवावर जाड झालेला आहे.

ताईंनी तीन प्रश्न काढले. पहिला : मी नाही म्हटलं तर बाकीच्या उपचारात काही कमी होणार का? उत्तर : नाही, आणि हो म्हटल्यावरही कधीही सोडता येईल. दुसरा : मला खरी गोळी मिळेल की साधी? उत्तर : कोणालाच माहीत नाही. तिसरा प्रश्न विचारताना त्या थोड्या थांबल्या. "या गोळीनं माझं आयुष्य वाढेल का?"

डॉक्टरीणबाई क्षणभर गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "सोरे वा, मादा वाकारिमासेन." ते अजून माहीत नाही.

मी ते भाषांतर केलं. मुलगा वैतागला. "इतक्या मोठ्या देशात, इतक्या मोठ्या हॉस्पिटलात, एवढंही माहीत नाही?" त्याला मी कॉरिडॉरमध्ये जे सांगितलं तेच आज इथे सविस्तर लिहितो आहे. कारण आपल्यातल्या बहुतेकांचे आईवडील साताऱ्याला, नागपूरला, डोंबिवलीला आहेत, आणि "पायाला जरा सूज आहे रे" हे वाक्य तुम्हीही फोनवर कधीतरी ऐकलं असेल. भारतात हा आजार लवकर गाठतो. तिरुअनंतपुरममध्ये २०१३ साली १२०५ रुग्णांची नोंदवही केली, त्यांचं सरासरी वय ६१ होतं. जपानमधल्या अशाच एका मोठ्या नोंदवहीत ते ७३ आहे. म्हणजे इथे जो आजार आजी-आजोबांचा, तो आपल्याकडे आई-बाबांचा.

आधी पाणी का साठतं ते पाहू. सांगलीकरांना 'फुगवटा' हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. पुढचं पाणी सरकलं नाही की मागचं चढतं. हृदयाचा डावा भाग अपुरा पडला की फुगवटा फुप्फुसात येतो, उजवा पडला की पायांत आणि पोटात. पण एवढ्यावर भागत नाही. किडनीकडे रक्त कमी पोचतं आणि तिला वाटतं, अंगात दुष्काळ पडला आहे. ती मीठ आणि पाणी धरून ठेवते. मेंदूही व्हॅसोप्रेसिन नावाचं संप्रेरक सोडून तोच निरोप देतो : पाणी सोडू नका. इकडे घर बुडतंय आणि तिकडे धरणाचे दरवाजे बंद!

आपण राहतो त्या एदोगावा वॉर्डाला ही गोष्ट अंगवळणी आहे. वॉर्डाची सुमारे ७० टक्के जमीन भरतीच्या पातळीखाली आहे. इथलं पावसाचं पाणी पंपानं उपसावं लागतं. ज्या आराकावाच्या काठी आपण हानामीला बसतो ती नदीसुद्धा १९१० च्या महापुरानंतर माणसांनी खणलेला कालवा आहे, १९३० साली पुरा झालेला. २०१९ च्या पूरनकाशावर आपल्याच वॉर्डानं छापलं होतं : इथे थांबू नका. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सांगली बुडाली होती आणि ऑक्टोबरमध्ये हागिबिस वादळाच्या रात्री आपण इथे पाण्याची पातळी बघत जागे होतो. तेव्हा सगळ्यांना एक कळलं होतं. आजचं पाणी उपसणं हे एक काम आणि पुढच्या वर्षी पूर येऊ नये अशी व्यवस्था करणं हे वेगळं काम. पहिलं झालं म्हणून दुसरं झालं असं होत नाही.

औषधांचंही तसंच आहे. पाणी उतरवणाऱ्या औषधाला दोन वेगवेगळे प्रश्न विचारावे लागतात. आज बरं वाटेल का? आणि वर्षभरानंतर मी असेन का? पहिल्याचं उत्तर लघवीच्या भांड्यात आणि वजनकाट्यावर दिसतं. दुसऱ्याचं उत्तर एका माणसाकडे बघून कळतच नाही.

पूर्वी पहिल्याच प्रश्नावर भागायचं. १९१९ साली व्हिएन्नात व्होग्ल नावाच्या वैद्यकीच्या विद्यार्थ्यानं उपदंशाच्या एका रुग्ण मुलीला पाऱ्याचं इंजेक्शन दिलं आणि तिला भरमसाट लघवी होऊ लागली. झालं, पुढची कित्येक वर्षं सुजलेल्या लोकांना पारा टोचला गेला. १९६० च्या दशकात फ्युरोसेमाइड आलं, म्हणजे आपलं लॅसिक्स. सहा तास टिकतं म्हणून ते नाव, असं म्हणतात. ते इतकं उघडउघड काम करतं की त्यानं आयुष्य वाढतं का, याची मोठी चाचणी कोणी घेतलीच नाही. बुडत्याला वर काढताना दोरीची चाचणी कोण घेतो? पण किती द्यावं, एकदम द्यावं की थेंबथेंब, हे तरी? त्याची नीट चाचणी अमेरिकेत ३०८ रुग्णांवर झाली ती २०११ साली छापून आली. इतकी वर्षं डॉक्टर आपापल्या अनुभवानं देत होते. जास्त डोस की कमी, एकदम की थेंबथेंब, यात ठळक फरक सापडला नाही.

आता जपानची गोष्ट. १९८४ साली मियाझाकीच्या वैद्यकीय महाविद्यालयात कांगावा आणि मात्सुओ यांनी माणसाच्या हृदयातूनच निघणारं, मीठपाणी बाहेर काढायला सांगणारं संप्रेरक वेगळं काढलं. हृदय हा नुसता पंप नाही, तो किडनीला पत्रही लिहितो, हे त्यामुळे पक्कं झालं. पुढे १९८८ साली त्याच मंडळींना त्याचं भावंड सापडलं, बीएनपी. ताईंच्या रक्तात पहिल्याच रात्री जे मोजलं, आणि आज पुण्यातल्या प्रयोगशाळेतही जे मोजतात, ते हेच.

मग हे संप्रेरकच औषध म्हणून दिलं तर? जपानमध्ये १९९५ पासून ते शिरेतून देतात. अमेरिकेत २००१ साली त्याच्या भावंडाला, नेसिरिटाइडला, मान्यता मिळाली, कारण धाप कमी होत होती. चार वर्षांत शंका आल्या : किडनी बिघडते का? माणसं जास्त दगावतात का? छोट्या छोट्या चाचण्यांची बेरीज करून लोक भांडू लागले. शेवटी ७१४१ रुग्णांवर मोठी चाचणी झाली आणि २०११ साली निकाल आला. तीस दिवसांत मृत्यू किंवा पुन्हा भरती : औषधवाल्यांत ९.४ टक्के, साध्यावाल्यांत १०.१ टक्के. हा फरक नशिबाचाही असू शकतो इतका लहान. किडनीला धोका नाही, आणि मोठा फायदाही नाही. ज्यांना भीती वाटत होती तेही चुकले आणि ज्यांना आशा वाटत होती तेही. सात हजार माणसांनी सह्या केल्या नसत्या तर ते भांडण आजही चालू असतं.

दुसरी गोष्ट आपल्या ओळखीच्या कंपनीची. शाळेच्या खेळांच्या दिवशी मुलं घटाघटा पितात ते पोकारी स्वेट बनवणारी ओत्सुका कंपनी. अंगात मीठपाणी भरणारं पेय विकणाऱ्या याच कंपनीनं अंगातलं पाणी काढणारं टोलव्हॅप्टान शोधलं. ते व्हॅसोप्रेसिनचा निरोप किडनीपर्यंत पोचूच देत नाही. लॅसिक्स मीठ आणि पाणी दोन्ही काढतं, हे जवळजवळ नुसतं पाणी काढतं.

त्याची मोठी चाचणी २० देशांतल्या ४१३३ रुग्णांवर झाली, निकाल २००७ चा. पहिल्या दिवशी औषधवाल्यांचं वजन पावणेदोन किलोनं उतरलं, साध्यावाल्यांचं सुमारे एक किलोनं. धाप कमी झाली असं औषधवाल्यांपैकी ७४ टक्के म्हणाले. साधी गोळी घेणाऱ्यांपैकी किती म्हणाले असतील? ६८ टक्के! कारण बाकीचे उपचार त्यांनाही मिळत होतेच. आपल्या शेजारच्या काकांना एखाद्या गोळीनं 'गुण आला' असं ऐकलं की हा ६८ चा आकडा आठवावा. आणि दुसरा प्रश्न? पुढे दहाएक महिने पाहिलं. दोन्हीकडे शंभरातले सुमारे सव्वीस गेले. फरक नाही.

आता असं औषध ठेवायचं की टाकायचं? अमेरिकेनं २००९ मध्ये ते रक्तातलं सोडियम घसरलेल्यांसाठी मान्य केलं, नुसती सूज उतरवण्यासाठी नाही. जपाननं आपल्याकडे वेगळी चाचणी घेतली. लॅसिक्स घेऊनही सूज न उतरणारे ११० रुग्ण, सात दिवस. औषधवाल्यांचं वजन सुमारे दीड किलो उतरलं, साध्यावाल्यांचं अर्धा किलोच्या आत. २०१० साली इथे मान्यता मिळाली, तीही अटींसह : इतर औषधांनी भागत नसेल तरच, आणि सुरुवात रुग्णालयातच. रक्तातलं सोडियम झपाट्यानं वर गेलं तर मेंदूला इजा होऊ शकते म्हणून. दोन देश, एकच माहिती, निर्णय वेगळे. मला दोन्ही पटतात. आयुष्य वाढलं नाही तरी माणसाला आडवं होऊन झोपता येणं ही काही लहान गोष्ट नाही. ताईंच्या तीन उशा मी पाहिल्या आहेत. फक्त औषध काय देतं आणि काय देत नाही हे घरच्यांना माहीत हवं.

अलीकडे जुन्या औषधांच्याही नव्यानं चाचण्या होताहेत. लेह-लडाखला जाताना आपण डायमॉक्स घेतो ना, तीच गोळी. बेल्जियममध्ये ५१९ रुग्णांना लॅसिक्सच्या जोडीला तेच औषध शिरेतून दिलं, निकाल २०२२ चा. तीन दिवसांत पाणी पुरतं उतरलेले ४२ टक्के, विरुद्ध ३०. चांगलं काम. पण तीन महिन्यांनी मृत्यू आणि पुन्हा भरतीचा हिशेब मांडला तर फरक नाही. पुन्हा तेच : पहिल्या प्रश्नाला हो, दुसऱ्याला नाही.

दुसऱ्या प्रश्नाला 'हो' म्हणणारी औषधं आहेत, आणि इथे मला एक जुनी गोष्ट सांगायला हवी. घरात फारशी बोललेली नाही.

माझा थोरला भाऊ कऱ्हाडला होता. १९९० च्या सुमारास त्याच्या पायांना सूज यायला लागली. लॅसिक्सनं उतरायची. पुन्हा यायची, पुन्हा उतरायची. १९९२ च्या पावसाळ्यात त्याचं पत्र आलं : "सूज पूर्ण उतरली. आता गोळ्या बंद केल्या. किडनीवर उगाच ताण कशाला?" ते पत्र मी इथे तोक्योत वाचलं आणि मला आनंद झाला. दादा दिवाळीआधीच गेला. बावन्न वर्षांचा होता.

१९८७ साली उत्तर युरोपातल्या २५३ रुग्णांवरच्या चाचणीचा निकाल आला होता. एनालाप्रिल हे औषध. सहा महिन्यांत साध्या गोळीवाल्यांपैकी ४४ टक्के गेले, एनालाप्रिलवाल्यांपैकी २६ टक्के. एनालाप्रिल काही भराभर लघवी करवत नाही, त्यानं पेशंटला लगेच हुशारी वाटत नाही. पण माणूस राहतो. ही चाचणी मी दरवर्षी फळ्यावर आकडे मांडून शिकवत होतो. ज्या आठवड्यात दादाचं पत्र आलं त्या आठवड्यातही कदाचित शिकवली असेल. "दादा, सूज उतरली तरी गोळ्या सोडू नकोस, आणि डॉक्टरांना एनालाप्रिलबद्दल विचार," एवढं एक आंतरदेशीय पत्राएवढं वाक्य मी लिहिलं नाही. सुचलंच नाही. भावाचं पत्र मी भाऊ म्हणून वाचलं, फळ्यावरची चाचणी प्राध्यापक म्हणून शिकवली, आणि दोघांची गाठ पडली नाही. त्यानं तो वाचला असता असं मी म्हणत नाही. एकेका माणसाबद्दल असं सांगताच येत नाही, हेच तर आत्तापर्यंत लिहीत आलो. पण विचारायला हवं होतं.

आज अशी औषधं आणखी आहेत. बीटा ब्लॉकर आहेत, स्पायरोनोलॅक्टोन आहे. मधुमेहासाठी आलेलं डापाग्लिफ्लोझिन २० देशांतल्या ४७४४ हृदयरुग्णांना देऊन पाहिलं, त्यात भारतातले आणि जपानमधलेही लोक होते. २०१९ चा निकाल : आजार बळावणं किंवा हृदयामुळे मृत्यू २१.२ टक्क्यांवरून १६.३ वर आला. त्यातल्या किती जणांना साधी गोळी मिळाली असेल? निम्म्यांना. त्यांच्याशिवाय हा आकडा निघालाच नसता.

आता ताईंकडे. चौथ्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "सर, तुम्ही काय म्हणाल?" माझ्या मनात 'हो म्हणा' असंच होतं, पण मी म्हटलं, "ताई, मी आज फक्त दुभाषा आहे." त्या म्हणाल्या, "तुमच्या तोंडावर उत्तर लिहिलंय. पण मी त्यासाठी करत नाहीये. ती पोरगी खरं बोलली, 'माहीत नाही' म्हणाली. मास्तर असून मला कधी वर्गात तसं म्हणायचं धाडस झालं नाही." आणि सही केली. मुलगा नाराज होता, तरी शेजारी उभा राहिला.

ताई घरी आल्या तेव्हा वजन सहा किलोनं उतरलेलं होतं. आता सकाळी ग्योसेन पार्कात नातीबरोबर फेरी मारतात. चाचणीच्या गोळ्या संपल्या, निकाल अजून आलेला नाही, कोणाला कोणती गोळी होती ते पाकीट अजून बंद आहे. त्या बऱ्या आहेत त्या गोळीमुळे, की लॅसिक्समुळे, की नंतर सुरू झालेल्या बाकीच्या औषधांमुळे, हे मला सांगता येणार नाही, आणि ताईंकडे कितीही निरखून पाहिलं तरी कळणार नाही.

तोवर फोनवर करण्यासारख्या चार गोष्टी सांगतो. एक, आईवडिलांना वजनकाटा घेऊन द्या. रोज सकाळी, लघवी झाल्यावर, नाश्त्याआधी वजन करून वहीत लिहायचं. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ते अन्न मानवलेलं नसतं, पाणी असतं. त्याच दिवशी डॉक्टर. दोन, व्हिडिओवर नडगी दाबून दाखवायला सांगा आणि विचारा, किती उशा घेऊन झोपता? आडवं होता येत नसेल तर सकाळची वाट पाहू नका. भारतात १०८, इथे ११९, आणि इथे बोलवावं की नको अशी शंका असेल तर #७११९. तीन, गुडघेदुखीसाठी परस्पर घेतलेली आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारखी औषधं अंगात पाणी धरून ठेवतात. डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. चार, सूज उतरली म्हणून गोळ्या बंद करू नका. इथल्या 'ओकुसुरी तेच्यो'सारखी औषधांची एक वही तिकडेही करून द्या आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारा : यातली सूज उतरवण्याची कोणती, आणि आयुष्य वाढवणारी कोणती? प्रश्नानं डॉक्टर रागावणार नाहीत. रागावले तर माझं नाव सांगा, प्रबंधवाला म्हणून.

आणि कधी तुमच्यासमोर किंवा आईवडिलांसमोर असा कागदांचा गठ्ठा आला, तर घाईनं 'हो' नको आणि घाईनं 'नाही'ही नको. भारतातल्या चाचण्या सीटीआरआयच्या नोंदवहीत आणि जपानमधल्या जेआरसीटीमध्ये नोंदलेल्या असतात, त्या कोणालाही पाहता येतात. तिथे नसेल तर विचारा, का नाही?

परवा ताईंना जिन्यात गाठून विचारलं, "काय वाटतं, खरी गोळी होती की साधी?" म्हणाल्या, "मला वाटतं साधीच. पण एकही दिवस चुकवली नाही, एकादशी धरावी तशी घेतली." मग हातातला डबा पुढे केला. चकल्या होत्या. मीठ बेताचं आहे, आधीच सांगते, म्हणाल्या. खरंच बेताचं होतं. मी चार खाल्ल्या.